व्हर्जिनियाचा 94वा मतदारसंघ : एक मतपत्रिका, एक वाडगा आणि चुकलेले पत्ते

अमेरिकेतल्या निवडणुकांची आपल्याकडे चर्चा होते ती राष्ट्राध्यक्षांची, फार तर सिनेटची. राज्यांच्या विधिमंडळांकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार 2020 मध्ये मिशिगनच्या राज्य प्रतिनिधिगृहात निवडून गेले, तेव्हा आपल्यातल्या अनेकांना असंही एक सभागृह असतं हे पहिल्यांदा कळलं असावं. तिथल्या बऱ्याच मतदारांनाही आपला आमदार कोण ते सांगता येत नाही. गरिबांचा आरोग्यविमा, शाळांचा पैसा, मतदानाचे नियम हे सगळं मात्र याच सभागृहांत ठरतं. बहुतेक राज्यांत मतदारसंघांच्या सीमाही तिथेच आखल्या जातात. अशाच एका मतदारसंघाचं हे प्रकरण आहे. दोन उमेदवारांना नेमकी तितकीच मतं पडली, चिठ्ठी काढून निकाल लागला आणि जगभर त्याची गंमत झाली. गंमत वाटणं साहजिक होतं, पण त्या गमतीत खरी गोष्ट झाकली गेली असं मला वाटतं.

मतदारसंघ व्हर्जिनिया राज्याचा, क्रमांक 94. गाव न्यूपोर्ट न्यूज. जेम्स नदीच्या काठाने लांबलचक पसरलेलं हे शहर जहाजबांधणीवर उभं आहे. अमेरिकी नौदलाची अणुऊर्जेवर चालणारी विमानवाहू जहाजं देशात फक्त इथेच बांधली जातात. जुलै 2017 मध्ये नौदलात दाखल झालेली जेराल्ड फोर्ड ही युद्धनौकाही इथलीच. गोदीतले कामगार, लष्करी कुटुंबं, गोरी उपनगरं आणि मोठी कृष्णवर्णीय वस्ती असं हे मिश्र शहर आहे. त्याची लोकसंख्या सुमारे 1 लाख 80 हजार. व्हर्जिनियाच्या खालच्या सभागृहात, म्हणजे हाऊस ऑफ डेलिगेट्समध्ये, 100 जागा असतात आणि 2010 च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या 80 लाख होती. म्हणजे एका जागेमागे साधारण 80 हजार माणसं. आपल्याकडच्या विधानसभा मतदारसंघाशी तुलना केली तर हा चिमुकलाच. मुदत फक्त दोन वर्षांची. निवडणुका विषम वर्षांत होतात, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा गाजावाजा नसताना, आणि त्यामुळे मतदानही बेताचंच होतं.

2017 च्या निवडणुकीआधी या सभागृहात रिपब्लिकन पक्षाचं 66 विरुद्ध 34 असं दणदणीत बहुमत होतं. ते जाईल असं डेमोक्रॅटिक पक्षातल्याही फारशा कुणाला वाटत नव्हतं. पण ट्रम्प निवडून आल्यानंतरची ही पहिली मोठी निवडणूक होती आणि व्हर्जिनियाच्या शहरी, उपनगरी भागांत नाराजी खदखदत होती. 7 नोव्हेंबरला गव्हर्नरपदाची निवडणूक डेमोक्रॅट राल्फ नॉर्थम यांनी सुमारे 9 टक्क्यांनी जिंकली आणि त्या लाटेत खालच्या सभागृहात पक्षाच्या 15 जागा वाढल्या. 34 चे 49 झाले. आणखी एक मिळाली असती तर 50-50. दोन मिळाल्या असत्या तर सत्ता.

94 मध्ये रिपब्लिकन डेव्हिड यान्सी 2011 पासून निवडून येत होते. समोर होत्या शेली सायमंड्स. एकेकाळी स्पॅनिश शिकवणाऱ्या सायमंड्स शहराच्या शाळा मंडळावर निवडून गेलेल्या होत्या आणि 2015 मध्ये यान्सींकडून एकदा हरलेल्याही. लिबर्टेरियन पक्षाचा तिसरा उमेदवारही होता. त्याच्या पारड्यात पडलेली काहीशे मतं नंतर सगळ्यांनाच आठवली.

निवडणुकीच्या रात्री यान्सी 13 मतांनी पुढे होते. अधिकृत तपासणीनंतर फरक 10 वर आला. व्हर्जिनियात फेरमोजणी आपोआप होत नाही. फरक 1 टक्क्याच्या आत असेल तर पिछाडीवरच्या उमेदवाराला ती मागता येते आणि अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर खर्च सरकार सोसतं. सायमंड्स यांनी ती मागितली.

इथे एक तपशील महत्त्वाचा आहे. मतदानाला दोन महिने राहिले असताना, सप्टेंबर 2017 मध्ये, राज्याच्या निवडणूक मंडळाने ज्यांचा कागद उरत नाही अशी सगळी टचस्क्रीन यंत्रं सुरक्षेच्या कारणावरून बाद केली होती. त्यामुळे त्या वर्षी अख्ख्या राज्याने कागदावर मत दिलं. नावापुढचा लंबगोल पेनाने काळा करायचा आणि तो कागद स्कॅनरमध्ये सरकवायचा, अशी पद्धत. स्पर्धा परीक्षेची उत्तरपत्रिका भरलेल्यांना ती नव्याने समजवायला नको. परीक्षेत खाडाखोड केली की तो प्रश्न गेला, एवढंच आपल्याला माहीत असतं. निवडणुकीत मात्र खाडाखोडीचाही अर्थ लावावा लागतो.

फेरमोजणी 19 डिसेंबरला झाली. सगळ्या मतपत्रिका पुन्हा स्कॅनरमधून जातात. ज्यांवर मतच नाही, एकापेक्षा जास्त खुणा आहेत किंवा हाताने नाव लिहिलं आहे, त्या यंत्र बाजूला काढतं. मग दोन्ही पक्षांचा एकेक माणूस अशा जोड्या त्या हाताने तपासतात. जोडीत एकमत झालं नाही तर ती मतपत्रिका न्यायालयापुढे जाते. या कामासाठी तीन न्यायाधीशांचं खास न्यायालय बसलेलं असतं. मोजणी संपली तेव्हा आकडे होते सायमंड्स 11,608 आणि यान्सी 11,607. एका मताने सत्तांतर झालं होतं. निदान 50-50 ची कोंडी तरी नक्की झाली होती. रिपब्लिकन नेत्यांनी त्या संध्याकाळी निकाल मान्य केला, सायमंड्स यांचं अभिनंदनही केलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी 'एकेक मत मोलाचं' या चालीवर मथळे छापले.

दुसऱ्या दिवशी न्यायालय निकालावर शिक्कामोर्तब करायला बसलं आणि प्रकरण फिरलं. फेरमोजणीत काम केलेल्या एका रिपब्लिकन तपासनिसाचं पत्र पुढे आलं. आदल्या दिवशी एक मतपत्रिका बाद ठरवायला आपण तयार झालो, ते चुकलं, असं त्याचं म्हणणं होतं.

ती मतपत्रिका नंतर सगळीकडे छापून आली. तिच्याकडे जरा थांबून पाहायला हवं. 94 व्या मतदारसंघाच्या रकान्यात सायमंड्स आणि यान्सी या दोघांच्याही नावापुढचा लंबगोल काळा केलेला आहे. सायमंड्स यांच्या लंबगोलावरून मात्र एक तिरकी रेघ ओढली आहे. एवढंच असतं तर कुणीही म्हटलं असतं, चुकून भरलं आणि मग खोडलं. पण त्याच कागदावर वर गव्हर्नरपदाच्या रकान्यात रिपब्लिकन उमेदवार एड गिलेस्पी यांचा लंबगोल भरलेला आहे आणि त्यावर फुलीही मारलेली आहे. तिथे दुसऱ्या कुणाला मत नाही. बाकीच्या पदांवर रिपब्लिकनांनाच मतं आहेत, कसलीही खाडाखोड न करता. आता त्या फुलीचा अर्थ काय? या मतदाराच्या हातात रेघ म्हणजे रद्द असेल, तर फुली मारून त्याने गिलेस्पींनाही रद्द केलं का? की फुली म्हणजे 'हाच, नक्की हाच' असा जोर? आणि जोर असेल, तर सायमंड्सवरची रेघही जोर का नाही?

न्यायाधीशांनी कागद अखंड वाचला. माणूस रिपब्लिकन मतं देत गेला आहे, सायमंड्सवर रेघ आहे, तेव्हा मत यान्सींचं, असा निर्णय त्यांनी दिला. आकडे झाले 11,608 विरुद्ध 11,608.

मतपत्रिका पाहून मलाही ती यान्सींकडे झुकलेली वाटते. पण न्यायालयापुढे खरा वाद अर्थाचा नव्हता, वेळेचा होता. डेमोक्रॅटिक वकिलांचं म्हणणं असं की दोन्ही पक्षांच्या माणसांनी मिळून ही मतपत्रिका बाद केली, हरकत घ्यायची वेळ फेरमोजणीच्या दिवशीच होती आणि ती गेली. रात्र गेल्यावर, बेरीज कळल्यावर, एका मताचा फरक आहे हे माहीत झाल्यावर हरकत घेता येत असेल, तर मोजणी संपते कधी? आमच्याकडच्या मतमोजणीत बसलेल्या कुठल्याही काउंटिंग एजंटला हा प्रश्न विचारा. फेरी जाहीर होण्याआधी तोंड उघडलं नाही तर नंतर बोंब मारून उपयोग नसतो हे तो पहिल्या निवडणुकीत शिकलेला असतो. 2024 च्या लोकसभेत मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांवर 48 मतांनी विजयी झाले, तेव्हा बाद झालेल्या टपाली मतांवरून उठलेला वाद असाच होता. मत बाद का झालं याबरोबरच हरकत कधी आणि कशी नोंदवली यावर सगळा खल झाला.

सायमंड्स यांनी न्यायालयाला फेरविचाराची विनंती केली. त्यासाठी 27 डिसेंबरला ठरलेली सोडत पुढे ढकलावी लागली. 3 जानेवारीला न्यायालयाने विनंती फेटाळली आणि दुसऱ्याच दिवशी सोडत लागली.

समान मतं पडली तर राज्य निवडणूक मंडळाने चिठ्ठीने निकाल लावावा, असा व्हर्जिनियाचा कायदा आहे. नवल वाटण्याचं कारण नाही, आपलाही तोच आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 65 नुसार निवडणूक निर्णय अधिकारी चिठ्ठी काढतो आणि जिची चिठ्ठी निघेल त्या उमेदवाराला एक जादा मत मिळालं असं धरलं जातं. आपला कायदा हिशोबाचा पक्का, बेरीज जुळवूनच सोडतो. योगायोग असा की त्याच 2017 मध्ये, फेब्रुवारीत, मुंबई महापालिकेच्या 220 क्रमांकाच्या प्रभागात भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांची मतं सारखी झाली आणि ईश्वरचिठ्ठी शहांच्या बाजूने निघाली. सेना 84 आणि भाजप 82 अशा त्या अटीतटीच्या निकालात एकेक नगरसेवक मोजला जात होता. मुंबईने त्यावर दोन दिवस चर्चा केली आणि विषय संपला. व्हर्जिनियात त्याचा सोहळा झाला.

4 जानेवारी 2018, स्थळ राज्याची राजधानी रिचमंड. राज्याच्या कलासंग्रहालयातून निळ्या-पांढऱ्या नक्षीचा एक मातीचा वाडगा मागवून आणला होता. दोन नावं छापलेल्या दोन चिठ्ठ्या. त्या ठेवल्या कशात, तर जुन्या कॅमेऱ्यांचा रोल ज्या काळ्या प्लॅस्टिकच्या डबीत मिळायचा, तशा दोन डब्यांत. दोन्ही सारख्या, बाहेरून काही दिसायला नको. सभागृह पत्रकारांनी, कॅमेऱ्यांनी भरलेलं होतं. सायमंड्स कुटुंबासह समोर बसल्या होत्या, यान्सी आले नव्हते. मंडळाचे अध्यक्ष जेम्स अल्कॉर्न यांनी चिठ्ठ्या सर्वांना दाखवल्या, डब्यांत घातल्या, डब्या वाडग्यात ठेवल्या. डब्या ढवळून झाल्या. एक उचलली गेली, उघडली, नाव निघालं डेव्हिड यान्सी. मग दुसरी डबीही उघडून दाखवली, दोन्हींत एकच नाव नव्हतं हे सर्वांना दिसावं म्हणून. मला या सगळ्या प्रकरणात आवडलेली गोष्ट कुठली असेल तर ती ही दुसरी डबी.

सभागृह 51 विरुद्ध 49 झालं. 10 जानेवारीला अधिवेशन सुरू झालं त्या दिवशी सायमंड्स यांनी हार मान्य केली आणि रिपब्लिकन कर्क कॉक्स अध्यक्षपदी बसले.

इथपर्यंतची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. 'एका मताने काय फरक पडतो' असं म्हणणाऱ्याच्या तोंडावर मारायला ती उत्तम आहे. राजस्थानात 2008 मध्ये नाथद्वाऱ्यातून सी. पी. जोशी एका मताने पडले, त्याचाही आपण असाच वापर करतो. पण 94 मध्ये झालेली बरोबरी आभाळातून पडलेली नव्हती. ती तयार झाली होती, आणि तिच्या मागे टेबलाखुर्चीवर बसून केलेली दोन कामं होती.

पहिलं काम पत्त्यांचं. मे 2018 मध्ये, म्हणजे यान्सी चार महिने आमदार राहिल्यावर, वॉशिंग्टन पोस्टने मतदारयादी आणि नकाशा ताडून पाहिला. न्यूपोर्ट न्यूजमध्ये किमान 26 मतदार असे निघाले ज्यांची घरं 94 मध्ये होती, पण यादीत ते शेजारच्या मतदारसंघात होते. त्यांच्या हातात दुसऱ्याच लढतीची मतपत्रिका पडली आणि त्यांनी ती मुकाट्याने भरली, कारण आपलं घर कुठल्या रेषेच्या आत आहे हे कुणाला माहीत असतं? ज्या केंद्रावर हे घडलं तिथली वस्ती बहुतांश कृष्णवर्णीय आणि मतदान डेमोक्रॅटिक पक्षाकडे मोठ्या प्रमाणावर झुकलेलं. 26 पैकी काही माणसं जरी त्या केंद्राच्या सर्वसाधारण कलाने वागली असती तरी वाडगा संग्रहालयातच राहिला असता.

हे एकट्या न्यूपोर्ट न्यूजचं दुखणं नव्हतं. फ्रेडरिक्सबर्ग परिसरातल्या 28 व्या मतदारसंघात रिपब्लिकन बॉब थॉमस 73 मतांनी निवडून आले आणि तिथे 147 मतदारांना चुकीची मतपत्रिका दिली गेल्याचं उघड झालं. पराभूत बाजू संघीय न्यायालयात गेली, पण न्यायालयाने थॉमस यांना शपथ घेण्यापासून रोखलं नाही. म्हणजे बघा, 51 मधल्या दोन जागा अशा होत्या ज्यांचा फरक चुकलेल्या पत्त्यांपेक्षा लहान होता. सभागृहाचं बहुमत या दोन जागांवर टेकलं होतं.

पत्ते चुकतात कसे हे आपल्याला वेगळं सांगायला नको. महापालिका निवडणुकीआधी प्रभागरचना बदलली की अख्खी सोसायटी शेजारच्या प्रभागाच्या यादीत गेलेली सापडते, एका इमारतीतली 'ए' विंग इकडे आणि 'बी' विंग तिकडे. व्हर्जिनियातही तेच. दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर सीमा बदलतात, मग स्थानिक निबंधकाच्या कार्यालयात रस्ता आणि घरक्रमांकांचे पट्टे घेऊन प्रत्येक पत्ता कुठल्यातरी मतदारसंघाला जोडायचा असतो. एका रस्त्याची डावी बाजू इकडे आणि उजवी तिकडे. एखादी ओळ चुकली की पुढची सहा वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण मार्जिन हजारोंचं असतं. आमच्याकडे निदान बूथवरचे कार्यकर्ते यादी घेऊन दारोदार हिंडतात, नाव गायब झालं तर आरडाओरडा होतो. तिथे नाव गायब झालेलं नसतंच. नाव असतं, मतदानही होतं, फक्त भलत्याच जागी. आरडाओरडा कोण करणार?

दुसरं काम त्या सीमांचंच. 2011 मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या सभागृहाने नवे मतदारसंघ आखले. त्यात 12 मतदारसंघांसाठी एक उंबरठा ठरवला होता : मतदानाच्या वयाच्या लोकसंख्येत किमान 55 टक्के कृष्णवर्णीय असलेच पाहिजेत. वरवर पाहता हे अल्पसंख्याकांच्या भल्याचं दिसतं, कारण त्यांचा उमेदवार हमखास निवडून येणार. पण एका मतदारसंघात 55 टक्के भरायचे तर ते शेजारून आणावे लागतात. शेजारचे मतदारसंघ तेवढेच गोरे, तेवढेच रिपब्लिकन होतात. आपल्याकडे राखीव मतदारसंघ ठरवताना आणि त्यांची हद्द आखताना काय काय चालतं हे ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना हा हिशोब एका मिनिटात कळेल. त्या 12 पैकी एक होता 95 वा, न्यूपोर्ट न्यूज आणि हॅम्प्टनमधला, आमच्या 94 चा सख्खा शेजारी. तो न्यूपोर्ट न्यूजमध्ये आत घुसून कृष्णवर्णीय वस्त्या वेचून घेत गेला होता, आणि त्याने जे घेतलं ते 94 ला मिळालं नाही.

या नकाशाविरुद्ध मतदारांनी केलेला खटला बेथ्यून-हिल या नावाने ओळखला जातो. जून 2018 मध्ये संघीय न्यायालयाने 12 पैकी 11 मतदारसंघ वंशाच्या आधारे आखलेले म्हणून घटनाबाह्य ठरवले. नव्याने आखायला विधिमंडळाला वेळ दिला, ते जमलं नाही, तेव्हा न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञाचा नकाशा लागू झाला. त्यात एकूण 25 मतदारसंघ बदलले. खालच्या सभागृहाने सर्वोच्च न्यायालयात अपील केलं. तिथे 17 जून 2019 रोजी 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल लागला तो नकाशाच्या गुणदोषांवर नाही. एका सभागृहाला एकट्याने राज्याच्या वतीने अपील करण्याचा अधिकारच नाही, असं न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलं. नकाशा कायम झाला.

मध्यंतरी वाडग्यातून निघालेल्या बहुमताने काय केलं? इथे प्रकरण जरा वाकडं जातं, आणि म्हणूनच सांगण्यासारखं आहे. सगळ्यांना वाटलं होतं की 51-49 म्हणजे गरिबांसाठीचा मेडिकेड आरोग्यविमा वाढवण्याचा प्रस्ताव मेलाच. रिपब्लिकनांनी तो वर्षानुवर्षं अडवून धरला होता. पण 15 जागा गमावल्यावर त्यांच्यातल्या अनेकांना आपल्या मतदारसंघात काय दिसलं असेल ते असो, 30 मे 2018 रोजी खालच्या सभागृहात तो 67 विरुद्ध 31 ने मंजूर झाला. तो आणखी सुमारे 4 लाख लोकांसाठी होता आणि 1 जानेवारी 2019 पासून लागू झाला. 28 व्या मतदारसंघातल्या बॉब थॉमस यांनी बाजूने मत दिलं आणि त्याची किंमत म्हणून पुढच्या वर्षी ते पक्षांतर्गत निवडणुकीतच पडले. तेव्हा 'एका चिठ्ठीने लाखो लोकांचा विमा ठरला' असं लिहिणारे चुकले. विमा लाटेने ठरवला, चिठ्ठीने नाही.

चिठ्ठीचा परिणाम दिसला तो दुसरीकडे. या सभागृहात अध्यक्ष ठरवतो की कोण सदस्य कुठल्या समितीत बसेल, आणि समितीची चिमुकली उपसमितीसुद्धा विधेयक जागच्या जागी गाडू शकते. स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला मंजुरी द्यायचा ठराव 2019 च्या जानेवारीत असाच उपसमितीत गाडला गेला. डेमोक्रॅट्सनी मग 21 फेब्रुवारीला सभागृहाचे नियमच बदलून ठराव थेट मतदानाला आणण्याचा प्रयत्न केला. त्यांची 49 मतं, आणि रिपब्लिकनांमधून एकच माणूस त्यांच्या बाजूला गेला. तो माणूस म्हणजे डेव्हिड यान्सी. मतं पडली 50-50. बरोबरीत प्रस्ताव पडतो, आणि इथे चिठ्ठी नसते. वाडग्याने निवडून दिलेला माणूस बाजू बदलूनही हरला, कारण समित्या आणि अध्यक्ष त्याच वाडग्यातून आधीच ठरून गेले होते. पुढच्या वर्षी सभागृह पालटल्यावर जानेवारी 2020 मध्ये तीच दुरुस्ती व्हर्जिनियाने मंजूर केली, असं करणारं ते 38 वं राज्य.

सभागृह पालटलं ते 5 नोव्हेंबर 2019 ला. न्यूपोर्ट न्यूजमध्ये तिसऱ्यांदा सायमंड्स विरुद्ध यान्सी अशी लढत झाली. उमेदवार तेच होते आणि दोघांनाही गाव ओळखत होतं. बदलली होती ती 94 ची हद्द. सायमंड्स यांना 57 टक्क्यांहून अधिक मतं पडली. फेरमोजणी नाही, न्यायालय नाही, पत्रकारही फारसे नाहीत. डेमोक्रॅट्सना 55 जागा मिळाल्या आणि आयलीन फिलर-कॉर्न या सभागृहाच्या इतिहासातल्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

या निकालावर दोन्ही पक्षांतले लोक दोन टोकांना जातात. रिपब्लिकन म्हणतात की न्यायालयाने नकाशा बदलून जागा काढून घेतली. डेमोक्रॅट म्हणतात की जनतेने 2017 चा अन्याय धुऊन काढला. मला दोन्ही अर्धवट वाटतात. 2019 मध्ये राज्यभर वारं डेमोक्रॅट्सच्या बाजूने होतंच, त्यामुळे जुन्या हद्दीतही यान्सींचं कठीण होतं. पण इतका मोठा फरक नुसत्या वाऱ्याने पडत नाही. आणि 'नकाशा बदलला म्हणून हरलो' अशी तक्रार करणाऱ्याने हेही सांगावं की आधीचा नकाशा कुणी आणि कशासाठी आखला होता.

2020 च्या जनगणनेनंतर आखणी राज्याच्या नव्या आयोगाकडे गेली. तिथे दोन्ही बाजू अडून बसल्या आणि शेवटी व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी नकाशा केला. त्यात क्रमांकही बदलले. 94 हा आकडा आता खाडीपलीकडच्या नॉरफोकमधल्या मतदारसंघाला लागला आहे. सायमंड्स यांचा न्यूपोर्ट न्यूजचा भाग 70 व्या मतदारसंघात आला आणि 2023 मध्ये त्या तिथून निवडून आल्या. त्या वर्षी सभागृहाचा निकाल पुन्हा 51-49 असा लागला, या खेपेला डेमोक्रॅट्सच्या बाजूने.